तिसऱ्या डब्याचे मधले दार

रविवारी सकाळी साडेदहा ते एक या वेळेत दोन नंबरच्या फलाटावर जे जे होते ते मी मोजले. बाके चौदा, त्यांपैकी पाठ शाबूत असलेली नऊ. दिवे बत्तीस, त्यांतले चार भर उन्हात चालू. नळ तीन, पाणी येणारा एक. तिकीटखिडक्या दोन, उघडी एक. घड्याळे दोन, त्यांच्यात चार मिनिटांचा फरक. पूल एक, पायऱ्या अठ्ठेचाळीस. स्वच्छतागृहे दोन, एकाला कुलूप. वळणापलीकडचे डबे गार्डला दिसावेत म्हणून उभारलेला आरशाचा खांब एक. आरसा शून्य.

फलाटाची लांबी दोनशे बावन्न मीटर भरली. माझ्याकडे पंधरा मीटरचा पोलादी टेप होता, तो सतरा वेळा लावावा लागला. बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी विचारले, फलाट विकायला काढलाय का. मी म्हटले, अजून भाव ठरायचाय.

हे मोजण्याचे कारण माझे मामा. ते एकतीस वर्षे या मार्गावर गार्ड होते. अकरा दिवसांपूर्वी, बुधवारी, बारा त्रेचाळीसच्या गाडीतून उतरताना एक बाई या फलाटावर पडल्या. तिसऱ्या डब्याचे मधले दार. एक पाय फलाटावर टेकलेला, दुसरा अजून डब्यात, आणि मामांनी शेवटच्या डब्यातून ड्रायव्हरला निघायची घंटा दिली. गाडी हातभर सरकली. लोक ओरडले, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. तेवढ्यात बाईंचा पाय फटीत गेला आणि मांडीचे हाड मोडले.

मामांवर ठेवलेला आरोप चार ओळींचा होता. प्रवासी उतरत असताना घंटा दिली, दारे मोकळी झाल्याची खात्री केली नाही, सबब गार्ड जबाबदार. चौकशी पुढच्या शुक्रवारी, स्टेशनवरच. आरोप सिद्ध झाला तर मामांना गाडीवरून कायमचे उतरवणार होते आणि निवृत्तीला तीन वर्षे उरलेला माणूस गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या डकवत बसणार होता. त्याहून वाईट म्हणजे कागदावर कायमचे लिहिले जाणार होते की यांनी एका बाईचा पाय मोडला.

 मामा घरी खिडकीशी बसून राहायचे आणि लांबून गाडीचा आवाज आला की मनगटावरचे घड्याळ बघायचे. मामी त्यांना एरवी ‘आमचं टाइमटेबल’ म्हणायची. त्या आठवड्यात तिने मला स्वयंपाकघरात ओढून नेले आणि म्हणाली, यांच्या तोंडात कोणी बूच मारलंय का ते तूच विचार, मी विचारून थकले. रोज सकाळी ती त्यांच्या गणवेशाला इस्त्री करून खुंटीला लावत होती. घालायला कोणी नव्हते. ती तरी लावत होती आणि लावताना खुंटीलाच चार शब्द सुनावत होती.

मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आठ महिने नोकरी शोधत होते. वेळ भरपूर होता आणि डोक्यात तिडीक गेली होती. म्हणून टेप घेतला.

सोमवारी मी मास्तरांना भेटले. हे स्टेशनमास्तर मामांना वीस वर्षे ओळखत होते. माणूस सज्जन, पण बोलताना दर वाक्याला दाराकडे बघायचे. त्यांनी मला स्टेशनचा इतिहास ऐकवला आणि तो ऐकवताना तेवढे त्यांनी दाराकडे बघितले नाही. हे स्टेशन आधी गावासाठी नव्हतेच. रुळांच्या बाजूला काचेचा कारखाना होता, त्याच्या कामगारांसाठी चार डब्यांची गाडी थांबायची. फलाट चार डब्यांपुरता, काळ्या दगडाचा. रुळांनी कारखान्याच्या भिंतीला वळसा घातला होता, म्हणून पुढे वळण. मग आजूबाजूला घरे झाली, गाडी आठ डब्यांची झाली, फलाट विटांनी वाढवला. मग इमारती झाल्या, गाडी बारा डब्यांची झाली आणि फलाट थेट वळणावर नेला, सिमेंटच्या लाद्यांचा. आता रोज चौऱ्याण्णव गाड्या थांबत होत्या आणि एकसष्ट जलद गाड्या न थांबता जात होत्या. कारखाना पाडून चाळीस वर्षे झाली होती.

“कारखाना गेला, वळण राहिलं,” मास्तर म्हणाले, जणू घरातले कोणी गेले होते.

मी फटीबद्दल विचारले. फलाट आणि डबा यांच्यातले अंतर किती असावे याचा नियम आहे, हे मला मामांच्या जुन्या पुस्तकात सापडले होते. उभे अंतर, म्हणजे फलाटापासून डब्याचा उंबरा किती उंच, ते वीस सेंटिमीटरच्या आत हवे. आडवे अंतर, म्हणजे मधली फट, पंधराच्या आत. मास्तरांनी कपाटातून एक वही काढली. दर वर्षी जानेवारीत मोजायचे आणि वहीत लिहायचे. मी मागची चौदा वर्षे पाहिली. अक्षरे पाच जणांची. आकडे एकाच माणसाचे असल्यासारखे: उभे एकोणीस, आडवे चौदा. चौदाच्या चौदा वर्षे.

प्रयोगशाळेत एखाद्याचा आकडा चौदा वेळा तंतोतंत सारखा आला, तर आमचे सर त्याला वहीसकट बाहेर उभे करायचे. मी विचारले, हे मोजतात कुठे.

मास्तरांनी दारातूनच बोट दाखवले. त्यांच्या दारासमोर, स्टेशनच्या नावाच्या पाटीखाली, फलाटाच्या काळ्या दगडावर एक पिवळी रेघ होती. तिथे. मी म्हटले, तिथेच का. ते म्हणाले, तिथेच मोजतात. मी पुन्हा विचारले, पण तिथेच का, आणि मग त्यांनी लहान मुलाला समजावावे तसे मला समजावले. नियमात लिहिले आहे की फलाटाच्या मध्यभागी मोजावे. चार डब्यांचा फलाट होता तेव्हा ती रेघ मध्यभागी होती. नंतर फलाट दोनदा वाढला, रेघ नाही हलली. रेघ पुसायची तर वरून लेखी हुकूम लागतो आणि हुकूम कोणी मागितला नाही, कारण आकडा नियमात बसत होता.

“आणि आरसा?” मी म्हटले.

आरसा सहा वर्षांपूर्वी वादळात फुटला होता. वहीत ‘आरसा’ या शब्दापुढे ‘आहे’ असे लिहिले होते. मास्तर म्हणाले, खांब आहे ना, म्हणून तसं लिहितात.

मी आभार मानले, बाहेर आले आणि नळावर तोंड धुतले. पहिल्या दोन नळांना पाणी नव्हते.

पिवळ्या रेघेपासून तिसऱ्या डब्याच्या मधल्या दारापर्यंत अंतर एकशे चौपन्न मीटर होते. रेघ सरळ भागावर, दार वळणाच्या पोटात. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवावा लागतो, नाही तर वेगातली गाडी बाहेर फेकली जाईल. आपला फलाट नेमका बाहेरच्या बाजूला. म्हणजे तिथे उभी राहिलेली गाडी फलाटापासून पलीकडे कलते आणि उंबरा वर उचलला जातो. शिवाय रूळ वाकडा, डबा सरळ, त्यामुळे डब्याचा मधला भाग फलाटापासून आणखी दूर जातो. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी रुळांखाली नवी खडी ठासतात आणि दर वेळी रूळ बोटभर वर जातात. फलाट आहे तिथेच. आणि चार वर्षांपूर्वी जलद गाड्यांचा वेग वाढवला, तेव्हा बाहेरचा रूळ मुद्दाम आणखी उचलला होता. हे सगळे मला मास्तरांच्याच कपाटातल्या कागदांवरून कळले, म्हणजे ते दडवलेले नव्हते. ज्या गाड्या इथे थांबत नाहीत त्यांच्यासाठी रूळ वर गेला होता आणि ज्या थांबतात त्यांच्यातून उतरणाऱ्यांचे पाय खाली राहिले होते.

टेप घेऊन गाडीजवळ जायला मला मनाई होती. गाडी उभी असताना फलाटाच्या कडेला वाकले तर पोलीस शिट्टी मारायचा. एकदा मारली. म्हणून मी फटीऐवजी माणसे मोजली. पाटीसमोरच्या दारातून शंभर जण उतरले, त्यांतल्या तिघांनी दांडा धरला. तिसऱ्या डब्याच्या मधल्या दारातून चाळीस जण उतरले, त्यांतल्या एकतीस जणांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि त्यांतले नऊ जण पाठमोरे उतरले, शिडीवरून उतरावे तसे. माझा अंदाज तीस सेंटिमीटरच्या वर जात होता. पण तो अंदाज होता.

एक गोष्ट मला समजत नव्हती. इतके दिवस कोणी पडले कसे नाही?

म्हणून मंगळवार-बुधवार दोन दिवस मी फलाटावर घड्याळ घेऊन बसले. वेळापत्रकात थांबा वीस सेकंदांचा. मी एकेचाळीस गाड्यांची नोंद केली. चार गाड्या वीस सेकंद थांबल्या. बाकी सदतीस गाड्या सव्वीस ते अठ्ठावीस सेकंद. पुढच्या स्टेशनवर जाऊन तपासले, तिथे सगळ्या वीसच. नोंदवहीकडे बराच वेळ बघत राहिले. यंत्राने थांबवले असते तर आकडे असे एकसारखे येणे पटले असते. पण घंटा माणूस देतो. म्हणजे सदतीस गाड्यांचे गार्ड इथे आल्यावर मनातल्या मनात काहीतरी मोजत होते.

संध्याकाळी मी मामांसमोर नोंदवही ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पाहिले, चष्मा काढला.

“सात,” ते म्हणाले.

हळूहळू सगळे बाहेर आले. वळणावर फलाट झाला तेव्हापासूनची पद्धत. नव्या गार्डला मार्ग शिकवायला जुना गार्ड सोबत येतो आणि प्रत्येक स्टेशनचे काही ना काही सांगतो. या स्टेशनला आले की एवढेच सांगतो: इथे सात. पुढचे चार डबे वळणापलीकडे जातात, गार्डला दिसत नाहीत, म्हणून वीस झाले की मनात आणखी सात मोजायचे आणि मग घंटा द्यायची. पुढच्या उतारावर ड्रायव्हर ते सात सेकंद भरून काढतो. शेवटच्या स्टेशनवर गाडी वेळेवर. कुठे काही लिहायचे नाही. मामांना सात शिकवणारा गार्ड केव्हाच वारला होता. मामांनी स्वतः नऊ जणांना सात शिकवले होते.

मग या वर्षी गाड्यांत नवे यंत्र बसले, प्रत्येक थांब्याचे सेकंद नोंदवणारे. चार गार्डांना ताकीद आली की विनाकारण विलंब करता. मामांना ती मंगळवारी मिळाली. बुधवारी त्यांनी सात मोजले नाहीत.

मी म्हटले, मग झालं, हेच चौकशीत सांगायचं. ही नोंदवहीच पुरावा.

मामांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. यात किती गाड्या आहेत, त्यांनी विचारले. मी म्हटले, सदतीस. ते म्हणाले, म्हणजे एकवीस गार्ड. मी एकटा सुटणार आणि एकवीस जणांना नोटिसा. ही वही तिथे निघणार नाही.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मामांशी मी आजवर आवाज चढवून बोलले नव्हते. मी म्हटले, तुमच्या या चांगुलपणानेच त्या बाईंचा पाय मोडलाय. पहिल्याच वर्षी गाड्यांना उशीर झाला असता, तक्रारी झाल्या असत्या, कोणीतरी विचारलं असतं का उशीर होतो, आणि फलाट उचलला असता. तुम्ही सगळ्यांनी मिळून रोज सात सेकंदांचं ठिगळ लावलंत. वर गेलेला प्रत्येक कागद स्वच्छ. वही स्वच्छ, वेळापत्रक स्वच्छ. त्यांना वाटलं इथे काही फाटलंच नाही.

स्वयंपाकघरात मामीचा भांड्यांचा आवाज थांबला.

“म्हणजे लोकांना पडू द्यायला हवं होतं?” मामा म्हणाले.

मी त्यांच्या हाताखालची वही ओढून घेतली आणि पिशवीत टाकली. 

गुरुवारी मी त्या बाईंना भेटायला गेले. मामांना सांगितले नाही. त्या चष्म्याच्या कारखान्यात भिंगे घासायच्या, पन्नाशीच्या, एकट्या. घर एका खोलीचे, पलंग खिडकीला लावलेला, कडेला चार पायांचा चालायचा आधार. डॉक्टरांनी हाडात पट्टी आणि स्क्रू बसवले होते आणि आधार धरून थोडे चालायची परवानगी दिली होती. मी कोण ते सांगताच त्यांचा चेहरा कडक झाला. म्हणाल्या, माफी मागायला पाठवलंय का, की सही घ्यायला. मी म्हटले, दोन्ही नाही, मला त्या दारापाशी काय झालं ते ऐकायचंय.

त्या नेमकेपणाने बोलल्या. त्यांचे कामच तसे होते, केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही. बावीस वर्षे त्या त्याच दारातून उतरत होत्या, कारण पूल तिथून जवळ पडतो आणि गुडघे दुखतात. एरवी संध्याकाळच्या गाडीने यायच्या. त्या दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून दुपारीच सुटल्या. पद्धत ठरलेली होती: दांडा धरायचा, वळायचे, एक पाय खाली, श्वास, दुसरा पाय, आणि मग गाडी सुटते. बावीस वर्षे गाडी सुटायच्या आत दुसरा पाय खाली असायचा. “मला वाटायचं गाडीच तेवढी थांबते,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी गाडी माझ्याआधी निघाली.”

मी त्यांना सात सेकंदांचे सांगितले. न सांगता निघाले असते तर वही लपवणाऱ्यांत मीही एक झाले असते.

 त्या म्हणाल्या, म्हणजे बावीस वर्षं मी कोणाच्या तरी मेहेरबानीवर उतरत होते आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. मला माहीत असतं तर मी दुसऱ्या डब्यात बसले असते. अर्ज केला असता, भांडले असते. तुमच्या मामांनी मला विचारलं होतं का, की बाई, तुमच्यासाठी सात मोजू का? ते मोजायचे तेव्हाही त्यांची मर्जी आणि मोजायचं सोडलं तेव्हाही त्यांचीच मर्जी. पाय तेवढा माझा.

 त्यांच्या बोलण्यात खोडण्यासारखे काही नव्हते. निघताना मी म्हटले, उद्या चौकशी आहे, साक्षीला तुम्हाला बोलावलंय, पण अशा पायाने तुम्ही आला नाहीत तरी चालेल, लेखी जबाब पुरतो.

“कोण म्हणतं नाही येणार,” त्या म्हणाल्या.

चौकशी प्रतीक्षालयात होती. लांब टेबल, मागे चौकशी अधिकारी, त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत होते. एका बाजूला मास्तर वही घेऊन, दुसऱ्या बाजूला मामा. गणवेशाला त्या दिवशी तरी घालणारा मिळाला होता. गार्डाला एक सहायक आणता येतो, असा नियम होता, म्हणून मी. साहेब मला बघून म्हणाले, सहायक म्हणजे सहकारी, भाची नव्हे. मामा म्हणाले, नियमात तसं लिहिलेलं नाही. साहेबांनी पुस्तक उघडून पाहिले आणि मला खुर्ची दिली.

मग तासभर मी भिंतीशी बोलले. आरसा नाही, हे मी सांगितले. साहेबांनी वही उघडली: आरसा, आहे. मी म्हटले, तो बाहेर आहे का ते इथून खिडकीतून दिसतं. ते म्हणाले, आरसा नसेल तर दारे दिसेपर्यंत गार्डाने खाली उतरून पुढे चालत जावं, असा नियम आहे. मी म्हटले, गार्डापासून ते दार एकशे नव्वद मीटर आहे आणि थांबा वीस सेकंदांचा, या वेगाने धावणारा माणूस तुम्ही गाडीवर कशाला ठेवाल, शर्यतींना पाठवाल. मास्तर हसले आणि लगेच खोकले. साहेब हसले नाहीत. मी फटीबद्दल बोलले. वहीत उभे एकोणीस, आडवे चौदा. मी म्हटले, ते पाटीखाली. तिसऱ्या डब्यापाशी मोजा. ते म्हणाले, मोजण्याची जागा नियमाने ठरलेली आहे आणि तुमचा अंदाज हा मोजमाप नाही. तेवढे त्यांचे खरे होते आणि म्हणून मला जास्त चीड आली.

मामा सगळा वेळ टेबलाकडे बघत होते. माझी नोंदवही माझ्या पिशवीत होती. माझा हात दोनदा पिशवीकडे गेला. दोन्ही वेळा मामांनी नुसते माझ्याकडे पाहिले.

बाई सव्वाबाराला आल्या, रिक्षातून, शेजारणीच्या आधाराने. साहेब उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली, म्हणाले, बसून सांगा, पाच मिनिटांत सोडतो. बाई बसल्या नाहीत.

“मी इथे जबाब देणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी जिथे पडले तिथे देईन.”

साहेब म्हणाले, त्याची गरज नाही. बाई म्हणाल्या, मग लिहा की साक्षीदाराने जबाब द्यायला नकार दिला. साहेबांनी पुन्हा पुस्तक उघडले. त्या पुस्तकाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला: जखमी साक्षीदाराने मागणी केल्यास जबाब तो म्हणेल त्या ठिकाणी घ्यावा, असे त्यात होते. नियम जखमींच्या सोयीसाठी केला होता, हॉस्पिटलात जाऊन जबाब घेता यावा म्हणून. पण लिहिले तेच होते.

आम्ही सगळे निघालो. पुढे बाई, आधार टेकत, बाजूला शेजारीण, मागे साहेब, वही काखेत धरलेले मास्तर, पट्टी घेतलेला साहेबांचा कारकून, मामा आणि मी. काळा दगड संपला, विटा लागल्या, विटा संपल्या, लाद्या लागल्या. बाई दोनदा थांबल्या. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिले. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, मला उशीर होत नाहीये. एकशे चौपन्न मीटर चालायला त्यांना चौदा मिनिटे लागली. तिथे पोहोचल्यावर त्यांनी आधाराच्या पायाने लादीवर टकटक केले.

“इथे. लिहा.” मग त्या मामांकडे वळल्या. त्यांनी मामांना पहिल्यांदाच पाहिले होते. “तुम्ही त्या दिवशी का थांबला नाहीत?”

साहेब म्हणाले, प्रश्न ते विचारतील. मामांनी ते ऐकलेच नाही बहुतेक. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“मी एकतीस वर्षं या मार्गावर आहे,” ते बाईंना म्हणाले, साहेबांना नाही. “इथे वीसनंतर सात मोजायचो. दार दिसत नाही म्हणून. आदल्या दिवशी ताकीद मिळाली. मी घाबरलो. त्या दिवशी मोजले नाहीत. आणि एकतीस वर्षांत एकदाही वर लिहून कळवलं नाही, की इथे मोजावं लागतं. ते चुकलं.”

कारकुनाने साहेबांकडे पाहिले, लिहू का म्हणून. साहेबांनी विचारले, आणखी कोण कोण मोजतं. मामा म्हणाले, माझं लिहा. साहेबांनी पुन्हा विचारले. मामा म्हणाले, साहेब, माझ्यावरचा आरोप आहे, माझं लिहा.

 बाईंनी आधारावरची पकड बदलली.

बारा त्रेचाळीसची गाडी वळणावरून आली. तिसऱ्या डब्याचे मधले दार आमच्यासमोर उभे राहिले, फलाटाकडून पलीकडे कललेले, रिकामा डबा स्प्रिंगांवर उंच उचललेला. एक म्हातारा दांडा धरून पाठमोरा उतरला. त्याने एक पाय खाली सोडला आणि तो हवेत शोधत राहिला. साहेबांनी ते पाहिले. वीस सेकंद झाले. मामांचे ओठ हलत होते. घंटा सत्तावीसला झाली असती, पण त्याआधीच साहेबांनी ड्रायव्हरच्या दिशेने हात वर करून गाडी रोखून धरली आणि कारकुनाला म्हणाले, मोजा.

कारकुनाकडची सरकारी पट्टी लाकडी होती, तीस सेंटिमीटरची. ती त्याने फलाटावर उभी धरली. पट्टीचे टोक उंबऱ्याच्या खालीच राहिले. त्याने पट्टी खाली-वर करून पाहिली, पुन्हा धरली, मग साहेबांकडे पाहिले. मी पिशवीतून टेप काढून पुढे केला. साहेबांनी तो घेतला आणि कारकुनाच्या हाती दिला. मास्तरांनी वही उघडली, झाकण काढून पेन धरले आणि या वेळी एकदाही मागे वळून बघितले नाही.

उभे अंतर चौतीस सेंटिमीटर. आडवे अठ्ठावीस.